राजघराण्याची थडगी आणि गळणारी पन्हळ: मध्ययुगीन पॅरिश चर्चचा जीर्णोद्धार कसा करावा

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात नीन नदीच्या काठी फॉदरिंगे नावाचं लहानसं गाव आहे. गावात शिरण्याआधीच चर्चचा मनोरा दिसतो. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, आणि शेंड्यावर सोन्याचा मुलामा दिलेला ससाणा. बेडीच्या कुलपात बसलेला हा ससाणा म्हणजे यॉर्क या इंग्लंडच्या राजघराण्याची खूण. समोरून बघितलं तर एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कशाला, असा प्रश्न पडतो. वळसा घालून पूर्वेला गेलं की भिंत एकदम सपाट, तुटक वाटते. तिथून पुढे एकेकाळी तेवढीच देखणी इमारत होती. आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचं तर सभामंडप राहिला आणि गाभारा गेला.

मी इंग्लंडमध्ये जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. माझ्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं आपापल्या गावातल्या चर्चच्या मदत मंडळात आहेत. अशा मंडळात यायला धर्माची अट नसते, इमारतीबद्दल आस्था पुरते. त्यांनी विचारलं, की सुरुवात कुठून करायची? त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणासाठी फॉदरिंगे घेतलं, कारण राजघराण्याचं नाव जोडलेल्या चर्चपुढे जे जे प्रश्न येतात ते सगळे त्या एका इमारतीत दिसतात. तिथल्या दुरुस्तीत माझा हात नाही. पद्धत मात्र अशा कुठल्याही चर्चला लागू पडेल.

पहिला महिना कागदांत घालवा

हातोडी उचलण्याआधी इमारतीची जन्मकथा माहीत हवी. फॉदरिंगेची कथा अशी. यॉर्कचा दुसरा ड्यूक एडवर्ड याने १४११ मध्ये इथे धर्मगुरूंचं कॉलेज, म्हणजे एकत्र राहून चर्चमधली प्रार्थना चालवणाऱ्या धर्मगुरूंचा संघ, स्थापलं. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अॅजिन्कोर्टच्या लढाईत तो मारला गेला आणि फॉदरिंगेतच पुरला गेला. २४ सप्टेंबर १४३४ रोजी पुढच्या ड्यूकच्या कारभाऱ्यांनी विल्यम हॉरवुड नावाच्या पाथरवटाशी करार केला: सभामंडप आणि मनोरा बांधायचा, आधीच उभ्या असलेल्या गाभाऱ्याला शोभेल असा, मोबदला ३०० पौंड. काम वेळेत पुरं झालं नाही तर पाथरवटाला तुरुंगात टाकायचं, असंही कलम त्यात आहे. पुढे राजा झालेला तिसरा रिचर्ड १४५२ मध्ये इथल्याच किल्ल्यात जन्मला. त्याचे वडील आणि भाऊ १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत पडले होते. त्यांचे अवशेष जुलै १४७६ मध्ये मोठ्या मिरवणुकीने पाँटेफ्रॅक्टहून आणून इथे पुन्हा पुरले. मग सोळाव्या शतकाच्या मध्यावर कॉलेज बरखास्त झालं आणि गाभारा पाडला गेला. थडगी उघड्यावर पडलेली पाहून पहिल्या एलिझाबेथ राणीने आपल्या या पूर्वजांसाठी नवी स्मारकं बांधायला लावली. १५७३ ची ती स्मारकं आज वेदीच्या दोन बाजूंना उभी आहेत.

हे सगळं मी इतिहासाच्या हौसेपोटी सांगत नाही. या एकेका ओळीचा भिंतीवर परिणाम झालेला असतो. गाभारा पाडला म्हणजे पूर्वेची भिंत नंतर भरून घेतली. म्हणजे जुन्या आणि नव्या बांधकामाचा सांधा तिथे असणार, आणि पाणी आधी तोच सांधा शोधणार. करार हाती असला की मूळ उंची आणि रचना ताडून बघता येते. पाडलेल्या इमारतीचं सामानही आसपास सापडतं. इथली बाकं टॅन्सर, बेनेफील्ड, हेमिंग्टन अशा शेजारच्या चर्चमध्ये गेली आहेत.

म्हणून जिल्ह्याच्या अभिलेखागारात जा. जुनी चित्रं, नकाशे, पूर्वीच्या दुरुस्तीची बिलं काढा. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांची नोंद विशेष शोधा, कारण त्या काळात उत्साहाच्या भरात आतला जुना गिलावा खरवडून दगड उघडे करण्याची लाट होती. त्या लाटेला विरोध म्हणूनच विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती संस्था आजही सल्ला देते, आणि गवंडी व वास्तुविशारदांना शिकवते.

कोणत्या साली परत जायचं?

राजघराण्याचं नाव आलं की समितीतलं कोणीतरी म्हणतंच, की पुन्हा पूर्वीसारखं करूया. हा मोह फार गोड असतो, आणि माझं मत स्पष्ट आहे: त्याला बळी पडू नका. पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? १४७६ सारखं करायचं तर एलिझाबेथची स्मारकं काढावी लागतील. १५७३ सारखं करायचं तर नंतरच्या चार शतकांतल्या गावकऱ्यांनी केलेलं सगळं पुसावं लागेल. ती तुटकी पूर्व भिंतसुद्धा इतिहासच सांगते: इथे काय होतं आणि कोणी पाडलं. तुम्हाला इमारत नवी करायची नाही. ती आज आहे तशी टिकवायची आहे. पहिल्याच बैठकीत हे ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या, कारण पुढे दर सहा महिन्यांनी हा विषय पुन्हा निघतो.

पाण्याचा माग काढा

जुन्या चर्चच्या दहा दुखण्यांतली आठ पाण्याची असतात, हा माझा अनुभव. म्हणून पहिली खरी पाहणी कोरड्या दिवशी करू नका. धो धो पाऊस पडत असताना छत्री आणि वही घेऊन बाहेर पडा. पन्हळीतून पाणी कुठे उडतं, कुठला पाइप तुंबलाय, भिंतीवर हिरवा ओघळ कुठून सुरू होतो, पाणी पायाशी साचतं की वाहून जातं, हे सगळं टिपा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एक फेरी मारा. तेव्हा ज्या जागा अजून ठिबकत असतात, तिथे छपरात पाणी अडकून राहिलेलं असतं. प्रत्येक जागेला नंबर द्या आणि फोटो काढा.

मग आत या. आतल्या भिंतीचा ओला डाग आणि बाहेरचा तुटका पाइप समोरासमोर आहेत का, ते बघा. बहुतेक वेळा असतात. ओल मोजायचं हातातलं विजेचं यंत्र जपून वापरा. भिंतीत क्षार असले तर ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतं, आणि त्या आकड्यांच्या जोरावर कोणीतरी भिंतीत रसायन टोचायचं दरपत्रक घेऊन येतो. मध्ययुगीन भिंत म्हणजे दोन्ही बाजूंना दगड आणि पोटात खडी-चुन्याचा भराव. तिच्यात रसायनाचा सलग थर तयार होईल ही आशाच धरू नका.

बाहेरच्या जमिनीकडेही बघा. चर्चच्या अंगणात शतकानुशतकं माणसं पुरली गेली, त्यामुळे जमीन हळूहळू वर चढत जाते. पुष्कळ ठिकाणी ती आतल्या फरशीपेक्षा हातभर उंच असते, आणि मातीतली ओल सरळ भिंतीत शिरते. त्यावर उपाय म्हणजे भिंतीलगत उथळ चर खणून पाणी दूर काढणं. पण हे खोदकाम पुरातत्त्वज्ञ हजर असल्याशिवाय करायचं नाही. पहिल्या फुटातच हाडं लागू शकतात. ती कुणाची तरी माणसं आहेत. त्यांना मानाने पुन्हा पुरायची सोय आधीच ठरलेली हवी.

पन्हळी साफ केल्या, फुटके पाइप बदलले, चर काढला, की थांबा. किमान एक वर्ष थांबा. जाड भिंत सुकायला महिने नाही, वर्षं लागतात. भेगांवर मोजपट्ट्या लावून त्या वर्षभरात भेग हलते का ते बघा. उन्हाळ्यात मिटणारी आणि हिवाळ्यात उघडणारी भेग आणि सतत रुंदावत जाणारी भेग, ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

परवानगीची वाट

चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चना सरकारी वारसा-परवानगीऐवजी स्वतःच्या धर्मपीठाची परवानगी लागते. तिला फॅकल्टी म्हणतात. बाहेरचं रूप बदलणार असेल तर नगररचना खात्याची परवानगी वेगळी. इमारतीची जबाबदारी पॅरिश चर्च कौन्सिलची, म्हणजे गावच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीची असते. १९५५ च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी पात्र वास्तुविशारदाकडून किंवा सर्वेक्षकाकडून पाहणी करून घेणं बंधनकारक आहे. त्या पंचवार्षिक अहवालात कामं निकडीनुसार लावलेली असतात. तोच तुमचा पाया. तो बाजूला ठेवून स्वतःची यादी करायला जाऊ नका.

किरकोळ देखभालीला परवानगी लागत नाही. त्यापुढच्या काही कामांना आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची, लेखी संमती पुरते. मोठ्या कामाला मात्र पूर्ण फॅकल्टी. त्यासाठी दोन टिपणं लिहावी लागतात: या इमारतीचं महत्त्व कशात आहे, आणि आम्हाला नेमकी गरज कशाची आहे. पहिलं टिपण मनापासून लिहा. राजा-राणीचं नाव लिहून भागत नाही. कुठली भिंत कुठल्या काळातली, काय दुर्मीळ, काय नंतर आलेलं, हे दगडागणिक सांगावं लागतं. धर्मप्रांताची सल्लागार समिती ते वाचते, जागेवर येऊन बघते. मग २८ दिवसांची जाहीर नोटीस लागते आणि शेवटी चॅन्सेलर, म्हणजे धर्मपीठाचा न्यायाधीश, निर्णय देतो. सल्लागार समितीला आराखडा पक्का होण्याआधीच बोलवा. कच्च्या कागदावर मिळालेला सल्ला फुकट असतो. पक्क्या आराखड्यावर आलेली हरकत महागात पडते.

वटवाघळांचं आधी बघा. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या सगळ्या जाती आणि त्यांची राहण्याची ठिकाणं कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची पाहणी उन्हाळ्यातच होते. ती चुकली की अख्खं वर्ष गेलं.

चुना

या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण चांगल्या हेतूने झालेलं सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच पाहिलं आहे.

दोन दगडांमधल्या सांध्याच्या फटीला दर्ज म्हणतात. विसाव्या शतकात या दर्जा सिमेंटने भरायची पद्धत पडली. त्याचा परिणाम बघायचा असेल तर अशा भिंतीला नाक लावून उभं राहा. सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात आणि जाळीच्या प्रत्येक घरातला दगड बोटभर आत गेलेला असतो. हात फिरवला की पिठासारखी भुकटी तळव्याला लागते. कारण सोपं आहे. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. दर्ज चुन्याची असेल तर पाणी तिच्यातून जातं, झिजते ती दर्ज, आणि शंभर वर्षांनी ती पुन्हा भरता येते. दर्ज सिमेंटची असेल तर पाण्याला दगडातून जावं लागतं. मग गोठण्याचा आणि क्षारांचा सगळा मार दगड खातो. म्हणून नियम एकच: दर्जेतला मसाला दगडापेक्षा नेहमी मऊ हवा.

आता काम कसं करायचं ते सांगते. जुन्या मसाल्याचा नमुना तपासून घ्या, म्हणजे वाळूचा दाणा आणि रंग कळतो. मग आडबाजूला साधारण एक चौरस मीटरचा नमुना करा आणि तो सुकल्यावर सगळ्यांना दाखवा, कारण ओला असताना रंग फसवतो. जुनं सिमेंट हाताने, छिन्नी-हातोडीनेच काढा. फिरत्या चकतीचं यंत्र भिंतीला लावू देऊ नका. एक निसटता फटका पुरतो, दगडाच्या कडेला कायमचा ओरखडा. आणि सिमेंट एवढं घट्ट असेल की दगडाची कड घेऊनच निघेल, तर ते राहू द्या. दहा-वीस वर्षांत ते आपोआप सुटं होईल.

दर्ज रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल मोकळी करा. धूळ पाण्याने धुऊन काढा, आणि दगड ओलसर असतानाच मसाला थरांनी दाबून भरा. साध्या भिंतीसाठी नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (ओलीतही घट्ट होणारा) ३.५ प्रतीचा किंवा त्याहून मऊ, आणि एका भागाला अडीच-तीन भाग खरखरीत वाळू, इथून सुरुवात करून नमुन्यावरून ठरवा. मळणी पुरेशी झाली का, हे ओळखायची खूण मी इंग्लंडमध्ये शिकले नाही. वाईला आजोळच्या वाड्याची भिंत दुरुस्त होताना म्हातारे गवंडी थापीवर चुना घेऊन थापी उलटी धरत. चुना चिकटून राहिला तर कामाला घ्यायचा, पडला तर पुन्हा मळायचा. इथे आल्यावर पहिल्याच कामावर एका इंग्रज गवंड्याने तीच थापी तशीच उलटी धरली, तेव्हा मला भरून आलं होतं.

भरलेली दर्ज चामड्यासारखी घट्ट झाली, की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून तिचा पृष्ठभाग उघडा करा. लगेच ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक टाकून निदान आठवडाभर ओल टिकवा. ऊन, वारा आणि दंव हे तिघेही चुन्याचे वैरी. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम बंद.

हे मी धडा घेऊन सांगते आहे. सुरुवातीच्या काळात एका चर्चचं काम लांबलं. ठेकेदार म्हणाला, ऑक्टोबरअखेर संपवतो, परांची उतरवायची आहे. मी मान डोलावली. डिसेंबरमध्ये कडक दंव पडलं. फेब्रुवारीत गेले तेव्हा उत्तरेच्या भिंतीतला चुना ओल्या बिस्किटासारखा बोटाने निघत होता. जवळपास ४० मीटर दर्ज पुन्हा काढून भरावी लागली, आणि ते पैसे गावाने केक विकून, सायकलफेऱ्या काढून जमवलेले होते. त्यानंतर चुन्याचं काम मी एप्रिलमध्ये सुरू करते आणि सप्टेंबरअखेर बंद करते. कोणी कितीही गळ घातली तरी.

दगड बदलायची वेळ आलीच तर अगदी थोडे बदला. जो दगड अजून भार पेलतोय आणि पाणी झटकतोय, तो कितीही झिजलेला दिसला तरी राहू द्या. नवा दगड त्याच जातीचा चुनखडक हवा, आणि खाणीत थर जसे आडवे होते तसेच आडवे ठेवून बसवायचा. उभा बसवला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

छप्पर: शिसं आणि ओक

मध्ययुगीन छपरावर बहुधा शिशाचे पत्रे असतात. शिसं उन्हात फार पसरतं. तीन मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चार मिलिमीटरच्या वर हलतो. त्याला हलायला जागा दिली नाही की तो सुरकुततो आणि त्या सुरकुतीवर चिरतो. म्हणून पत्रे लहान हवेत, जोड सैल घडीचे हवेत, आणि खालून हवा खेळती हवी. खाली दमट हवा कोंडली तर पत्रा आतल्या बाजूने पांढरा पडून कुजतो. शिशाची चोरी हा इथला मोठा त्रास आहे. आडवाटेच्या चर्चला चोरी झाल्यावर गंजरोधक पोलादाचा पत्रा घालायला परवानगी मिळू शकते. नव्या शिशावर ओळखीची अदृश्य खूण करून घ्या.

छपरावर ज्योतीचं काम शक्यतो टाळा. जोडकाम खाली करून आणा. टाळता येत नसेल तर लेखी परवाना, शेजारी अग्निशामक, आणि काम संपल्यावर निदान तासभर पहारा. जुन्या इमारतींच्या कितीतरी आगी दुरुस्ती चालू असतानाच लागलेल्या आहेत.

खालच्या ओकच्या तुळयांत डेथवॉच नावाचा भुंगा असतो. वसंतात तो लाकडावर डोकं आपटून टकटक आवाज करतो. शांत दुपारी चर्चमध्ये बसलं तर ऐकू येतो. त्याची अळी ओल्या ओकवर वर्षानुवर्षं जगते. सगळ्या छपरावर औषध फवारण्याआधी पाणी कुठून येतं ते बंद करा. लाकूड सुकलं की भुंग्याचं जगणं अवघड होतं. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नवा ओक सांध्याने जोडा. अख्खी तुळई काढू नका.

ज्याला तुम्ही हात लावायचा नाही

फॉदरिंगेत चौथ्या एडवर्ड राजाने दिलेलं प्रवचनाचं रंगीत व्यासपीठ आहे, राजचिन्हांनी नटलेलं. अशा वस्तूंना, भित्तिचित्रांना, रंगीत काचेला, थडग्यांवरच्या पितळी पत्र्यांना समितीतल्या कुणीही तेल, पॉलिश, ओलं फडकं लावायचं नाही. त्यासाठी त्या त्या विषयाचा संरक्षक-तज्ज्ञ बोलवा. तुमचं काम म्हणजे परांची आणि धुळीपासून त्यांना झाकणं, आणि आतली हवा एकसारखी ठेवणं. फक्त रविवारी सकाळी हीटर भसाभस लावला तर पाचशे वर्षांचं लाकूड तडकतं. कबरीच्या दगडांवरची दगडफुलंही खरवडू नका.

पैसे

अंदाजपत्रकात १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्च धरा. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो, तो पहिल्याच कागदावर लिहा. त्यातला परतावा आणि सवलतींचे नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा नियम तपासा. नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड, नॅशनल चर्चेस ट्रस्ट आणि परगण्याचे चर्च ट्रस्ट, ही अर्ज करायची मुख्य दारं. अनुदानाचं पत्र हाती येण्याआधी काम सुरू करू नका. झालेल्या कामाला सहसा कोणी पैसे देत नाही.

राजघराण्याच्या नावाचा उपयोग इथे मोकळेपणाने करा. फॉदरिंगेतली यॉर्क घराण्याची खिडकी रिचर्ड द थर्ड सोसायटीच्या सभासदांच्या देणगीतून १९७५ मध्ये बसली. अशा अभ्यासक-मंडळांना पत्र लिहा, आणि त्यात तुमची तुंबलेली पन्हळही सांगा. इतिहासावर जीव असलेली माणसं पन्हळीलाही पैसे देतात.

परांची हा मोठा खर्च. एकदा उभी राहिली की त्या उंचीवरची सगळी कामं तेव्हाच उरका: वीजरोधक, पक्ष्यांची जाळी, वातकुक्कुटाचा मुलामा, मनोऱ्यातल्या खिडक्या.

परांची उतरल्यावर

कोणता चुना, कुठली वाळू, कोणत्या खाणीचा दगड, कोणी भरला, कोणत्या तारखेला, हे सगळं चर्चच्या नोंदवहीत लिहा आणि एक प्रत अभिलेखागारात द्या. हॉरवुडचा करार राहिला म्हणून आज आपण त्याच्या मनोऱ्याबद्दल बोलू शकतो. वर्षातून दोनदा पन्हळी साफ करा, एकदा पानगळ संपल्यावर आणि एकदा वसंतात. ते काम कुणाचं, हे नावानिशी ठरवा. आणि पहिल्या मोठ्या पावसात तीच छत्री, तीच वही घेऊन बाहेर पडा, जुन्या नंबरांपुढे नवी तारीख घाला, आणि एकेक जागा पुन्हा बघा.